मनकर्णेला घाम फुटला नाही

कोल्हारच्या एसटी थांब्यासमोर रंगनाथचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागच्या दोन खोल्यांत तो, त्याची बायको गीताबाई आणि त्याची थोरली बहीण मनकर्णा राहत. भाऊ-बहीण दोघांनाही साखरेचा आजार होता. रंगनाथला तो मिसरूड फुटायच्या वयात लागला. मनकर्णेला लागला लग्नानंतर, पहिलं मूल पोटातच गेलं त्या वर्षी. तिला पाथर्डीकडं दिली होती. सासरच्यांनी काही महिने वाट पाहिली. मग एक दिवस नवरा तिला "जरा हवापालट होऊ दे" म्हणून कोल्हारात सोडून गेला. येताना त्यानं तिची लोखंडी पेटीही एसटीच्या टपावर टाकून आणली होती. पेटी खाली उतरताना पाहिली तेव्हाच मनकर्णेला कळलं, हा परत न्यायला येणार नाही.

तेव्हापासून ती भावाकडं होती. गावातल्या बायकांच्या चोळ्या, पोलकी मशीनवर शिवून द्यायची. जेवताना दुसऱ्यांदा भाकरी मागून घ्यायची नाही. गीताबाई स्वभावानं मोकळी होती. ती म्हणायची, "वन्सं, आपलंच घर हाय, लाजता कशाला?" पण वाटेत कुणी सहज जरी विचारलं, "कधी आलीस गं माहेराला?" तरी मनकर्णेला पुढं पाऊल टाकवत नसे.

रोज सकाळी गीताबाई काचेची सिरिंज छोट्या पातेल्यात उकळायची. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. रंगनाथ बहिणीच्या दंडात सुई टोचायचा, मग ती त्याच्या. नगरच्या डॉक्टरांनी रंगनाथला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, की इंजेक्शन घेतलं आणि जेवण चुकलं तर रक्तातली साखर उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, कडकडून भूक लागते. असं झालं की लगेच गूळ नाहीतर साखर तोंडात टाकायची. पुढं मनकर्णेचा आजार निघाला तेव्हा त्यांनी तिलाही तेच सांगितलं, आणि वर म्हणाले, "तुमच्या भावाला सगळं ठाऊक आहे. तो बघेल."

रंगनाथला खरंच ठाऊक होतं. त्याची साखर उतरली की ते लपत नसे. भर थंडीत सदरा पाठीला चिकटायचा, हातातला पाना खाली पडायचा, चेहरा पांढराफटक व्हायचा. समोर उभं असलेलं गिऱ्हाईकच ओरडायचं, "रंगा, गूळ खा आधी!" गुळाची पुडी त्याच्या खिशात कायम असे.

मनकर्णेला असलं काही कधी झालं नाही. रंगनाथ कौतुकानं सांगायचा, "आमची ताई लई काटक. एवढ्या वर्षांत तिची साखर एकदा बी उतरली न्हाई." एखाद्या संध्याकाळी ती मशीनवर बसल्या बसल्या गप्प व्हायची, विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायची, बाही उलटी जोडून ठेवायची. एकदा तर कारण नसताना कितीतरी वेळ हसत राहिली. जेवली की निवळायची. घरातल्यांना वाटायचं, नशिबाचं दुःख आहे, कधीमधी डोक्यात जातं.

बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं. कालवा कोरडा पडला, उभा ऊस वाळला, कितीतरी घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्या वर्षीच्या नवरात्रात देवीच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. जिनं कधी उपास धरला नव्हता तिनंही धरला. मनकर्णेला डॉक्टरांची मनाई होती, म्हणून ती दरवर्षी नुसतं दर्शन घेऊन यायची. पण चार माळा झाल्यानंतर एका सकाळी विहिरीवर एक बाई तिच्यादेखत दुसरीला म्हणाली, "हिला काय, ना नवऱ्याचं करायचं, ना देवीचं. भावाचं खायचं नि बसायचं."

मनकर्णा अर्धीच घागर घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं. गीताबाईला सांगायची, दूध घेतलंय, केळ खाल्लंय. खरं तर पाण्याशिवाय काही घेत नव्हती. इंजेक्शन मात्र नेहमीएवढंच टोचून घ्यायची. नको म्हटलं असतं तर भावाला उपास कळला असता.

दोन दिवस कसेबसे निभावले. तिसऱ्या संध्याकाळी आरतीला ती खांबाजवळ उभी होती. संबळ वाजत होता, धुपाचा धूर भरला होता. समोरचे दिवे हळूहळू लांब जातायत असं तिला वाटलं. घाम नव्हता, थरथर नव्हती. भूक तर आदल्या दिवशीच मेली होती. त्यापुढचं तिला काही आठवत नाही.

बाकीच्यांनी जे पाहिलं ते असं. मनकर्णा बायकांमधून वाट काढत पुढं आली. पदर खांद्यावरून घसरलेला, केस सुटलेले, डोळे उघडे पण नजर कुठंच नाही. ती डुलत होती आणि जड, पुरुषी आवाजात काहीतरी बोलत होती. कुणीतरी ओरडलं, "आई आली!" संबळ दुप्पट वेगानं वाजू लागला. एकीनं तिच्या कपाळभर कुंकू फासलं, बायका भराभर वाकू लागल्या.

रंगनाथ पुरुषांच्या बाजूला होता. तो धावत आला. त्याच्या मनात पहिल्यांदा साखरच आली. त्यानं खिशातून गुळाची पुडी काढलीसुद्धा. पण बहिणीचं मनगट धरलं तर ते कोरडं होतं आणि हाताला थरकाप नव्हता. मानेवरून हात फिरवला, एक थेंब नाही.

"रंगा, हिचं ते साखरेचं तर न्हाई?" शेजारच्यानं विचारलं.

"न्हाई," रंगनाथ म्हणाला. "साखर उतरली की मानूस घामानं निथळतो. मी रोजचा हाय त्यातला, मला इचारा. हे येगळं हाय." आणि त्यानं पुडी परत खिशात घातली.

भावानंच असं म्हटल्यावर कुणाच्या मनात किंतू राहिला नाही. आक्काबाई पुढं सरली. वरच्या आळीतली, मळेवाली, चारचौघींत मान असलेली बाई. तिच्या मच्छिंद्रचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सून छबू हिला मूल नव्हतं. आक्काबाईनं पदर पसरला. "आई, माझ्या घरात पाळना का हालत न्हाई? या सुनंचं मी काय करू?"

मनकर्णा तिच्याकडं बघत राहिली. मग जड जिभेनं म्हणाली, "धाडली... माघारी धाडली... पेटीसकट धाडली..."

"धाडा म्हनती आई! माघारी धाडा!" पुढच्या बाईनं मागच्यांना सांगितलं. आक्काबाईनं फरशीला डोकं टेकलं.

पुजाऱ्यानं मनकर्णेच्या तोंडात पंचामृताच्या पळ्या घातल्या, वर खडीसाखर दिली. थोड्या वेळानं तिनं डोळे मिचकावले, पदर सावरला, आणि एवढी माणसं आपल्याकडं बघतायत हे पाहून ती जमिनीत गडप व्हावं तशी आक्रसून बसली. "काय झालं गं?" तिनं गीताबाईला विचारलं. गीताबाईनं काही सांगायच्या आत शेजारची म्हणाली, "आई आली हुती तुझ्या अंगात. परसाद घिऊन गेली."

त्या दिवसापासून मनकर्णेचे दिवस पालटले. मंगळवारी, शुक्रवारी बायका घरी येऊ लागल्या. नारळ, खण, ओटी. भिंतीला लागून पाट मांडला जायचा आणि त्यावर मनकर्णा बसायची. आता त्या वारांना ती उपास धरायची, लोकांची तशी अपेक्षाच होती. इंजेक्शन चालूच होतं. त्यामुळं दिवस कलता कलता कधीकधी ते पुन्हा व्हायचं. ती असंबद्ध बोलायची, लोक त्यातून आपापला अर्थ काढायचे, मग प्रसाद भरवायचे आणि ती शुद्धीवर यायची. रंगनाथ दरवेळी तिचा हात चाचपून बघायचा, आणि दरवेळी तो कोरडा असायचा.

तिला हे आवडत नव्हतं असं म्हणता येणार नाही. पाटावर बसल्यावर कुणी तिला नवऱ्याचं विचारत नव्हतं. विहिरीवर ती गेली की बाया बाजूला होऊन तिला आधी भरू देत. एकदा पाथर्डीकडून तिच्या सासरच्या भावकीतली एक म्हातारी आली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून गेली. तिच्या नवऱ्याला "ही रोगट हाय, सोडून ये" असं ज्या तोंडांनी सांगितलं होतं, त्यातलंच ते एक. त्या दिवशी मनकर्णा पहिल्यांदा दोन भाकरी पोटभर जेवली. पुढं तिला ज्या गोष्टींची लाज वाटली, त्यात हे समाधानही होतं.

दिवाळीनंतर आक्काबाई लुगडं घेऊन आली. मनकर्णेची ओटी भरली आणि म्हणाली, "आईनं सांगितलं तसं केलं बरं का. छबूला पोचती केली तिच्या बापाकडं. पेटीसकट. मच्छिंद्राला दुसरी बघतोय आता."

मनकर्णेच्या हातातला नारळ तसाच राहिला. "मी सांगितलं?"

"तू न्हाई गं, आईनं. तुझ्या तोंडून. समद्या गावानं ऐकलंय."

आक्काबाई गेल्यावर मनकर्णेनं गीताबाईला खोदून खोदून विचारलं, नेमके काय शब्द होते. गीताबाईनं आठवून सांगितले. पेटीसकट. मनकर्णेच्या मनात तो एकच शब्द घर करून बसला. देवीला पेटी कशाला आठवेल? छबूच्या पेटीचं तर कुणी नावही काढलं नव्हतं. पेटी तिची स्वतःची होती. ती स्वतःचंच रडगाणं गात होती आणि त्यापायी दुसरीचं घर मोडलं, हे तिला आत कुठंतरी तेव्हाच कळलं. पण ते कुणाला सांगायचं तर पाट सोडायला हवा होता, आणि पाट सोडला की पुन्हा तीच विहीर, त्याच बाया. ती गप्प राहिली. लुगडं तिनं पेटीच्या तळाशी टाकलं, नेसली नाही. पुढच्या वर्षीचं नवरात्रही तिनं पाटावर बसून काढलं. छबूचं नाव निघालं की काही निमित्त काढून आत जायची.

त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात एका गुरुवारी, लक्ष्मीच्या व्रताचा वार म्हणून, ती उपाशीपोटी पाटावर बसली होती. समोर बायका होत्या. तिची मान एका बाजूला कलली, मग सगळं अंगच कलंडलं. तोंडातून फेस आला, हातापायांना झटके बसू लागले. गीताबाई धावली, तर बायकांनीच तिला अडवलं.

"हात लावू नगंस! आईचा लई जोर हाय आज!"

"आई ऱ्हाऊ द्या देवळात! मानूस मरतंय हितं!" गीताबाईनं दोघींना ढकललं आणि नणंदेचं डोकं मांडीवर घेतलं. प्रसाद तोंडात घातला तर तो ओघळून बाहेर आला. थांब्यावर नगरला निघालेला एक टेम्पो उभा होता. रंगनाथनं तिला उचलून त्यात घातलं.

नगरच्या दवाखान्यात त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त काढून घेतलं आणि लगोलग शिरेतून ग्लुकोजची मोठी सिरिंज हळूहळू दिली. सुई अजून शिरेतच होती, तेवढ्यात मनकर्णेनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. रंगनाथ बघतच राहिला. तासाभरानं रक्ताचा तपास आला. डॉक्टर म्हणाले, "साखर जवळजवळ संपली होती. आणखी उशीर झाला असता तर हातची गेली असती."

"पन डॉक्टर, तिला घाम नव्हता," रंगनाथ म्हणाला. "मी हात लावून बघितला. मी दरवेळी बघतो. तिला घाम येतच न्हाई."

"दरवेळी म्हणजे?"

मग रंगनाथनं अडखळत अडखळत सगळं सांगितलं. देऊळ, पाट, मंगळवार, शुक्रवार. डॉक्टर ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते खुर्ची ओढून मनकर्णेच्या खाटेशी बसले.

"बाई, चूक माझीही आहे. तुमच्या भावाला जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं. साखर उतरली की शरीर आतून धोक्याची घंटा वाजवतं. घाम, थरथर, धडधड, ही ती घंटा. काहींना आजार जुना झाला की ती ऐकू येईनाशी होते. पण बायकांमध्ये ती मुळातच हळू वाजत असावी, असं आता दिसायला लागलंय. अलीकडं परदेशात चांगल्या धडधाकट बायका आणि पुरुषांना मुद्दाम उपाशी ठेवून पाहिलं. बायकांची साखर पुरुषांपेक्षा कितीतरी खाली गेली, आणि त्यांना काही जाणवलंसुद्धा नाही. असं का होतं ते अजून कुणाला नीट माहीत नाही. मलाही नाही."

मनकर्णा छताकडं बघत होती. "डॉक्टर," तिनं विचारलं, "साखर उतरल्यावर मानूस बोलतं का? आठवत न्हाई असं?"

"बोलतं. मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस बरळतं, भांडतं, हसतं, रडतं. आवाजही बदलतो. दारू प्यायल्यासारखं दिसतं."

"आनि गोड खाल्लं की शुद्धीवर येतं?"

"हो."

मनकर्णेनं कूस बदलली आणि तोंडावर पदर घेतला. रंगनाथला वाटलं, ती जिवावरच्या दुखण्यातून उठली म्हणून रडतेय. तो म्हणाला, "ताई, माझंच चुकलं. गूळ काढून परत खिशात घातला मी."

"तुझं न्हाई," ती पदराआडून म्हणाली. "तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक हुतं."

घरी आल्यावर तिनं पाट उचलून माळ्यावर टाकला. मंगळवारी आलेल्या बायकांना गीताबाईनं दारातूनच सांगितलं, वन्संना बरं नाही. आणि मनकर्णा आक्काबाईचं लुगडं काखेत घेऊन वरच्या आळीला गेली.

आक्काबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मनकर्णेनं लुगडं तिच्यापुढं ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. देवी नव्हती, साखर उतरली होती, जे बोलले ते माझं माझ्याबद्दलचं होतं, सुनेला परत आणा.

आक्काबाईनं सूप खाली ठेवलं. "तुझ्या भावानंच सांगितलं हुतं, साखर न्हाई म्हनून. देवळात, देवीम्होरं."

"तो चुकला. पुरुषाला घाम येतो, आमाला येत न्हाई. डॉक्टर म्हनले."

"म्हंजी आता देवी खोटी, नि डॉक्टर खरा?"

"देवी खोटी न्हाई. मी खोटी."

"वरीसभर पाटावर बसून नारळ घेतलंस, तवा न्हाई आठवलं?" आक्काबाई शांतपणेच म्हणाली. "मच्छिंद्राची सोयरीक जुळत आलीया. जा तू. आनि हे लुगडं घिऊन जा, दिलेलं मी परत घेत न्हाई."

लुगडं तिथंच टाकून मनकर्णा निघून आली. त्यानंतर छबूच्या माहेरी जायचं तिनं ठरवलं. गाव पारनेर तालुक्यात, फाट्यावर एसटी सोडून पायी जायचं. रंगनाथ सोबत येतो म्हणत होता. तिनं ऐकलं नाही, फक्त त्याच्याकडून गूळ मागून घेतला. वाटेत भूक असो नसो, ती ठरवून भाकरी खात गेली.

छबू शेणी थापत होती. मनकर्णेला पाहून तिनं आधी सवयीनं हात जोडले, शेणानं भरलेलेच. ते पाहून मनकर्णा तिथंच शेणींच्या कडेला मातीत बसली.

"हात जोडू नको," ती म्हणाली. "मी तुझी माफी मागायला आलीया." आणि तिनं सगळं सांगितलं. पेटीचंही सांगितलं. नवऱ्यानं आपल्याला कसं सोडलं तेही. आक्काबाईच्या तोंडून कळल्यावर आपण वर्षभर गप्प बसलो, हेही लपवलं नाही.

छबूनं सगळं ऐकून घेतलं. मग शेणाचा नवा गोळा मळायला घेतला.

"सासूनं मला कधी ना कधी धाडलंच असतं," ती म्हणाली. "त्याचं न्हाई एवढं. पन माझा बाप भांडायला निघाला हुता. पंच घिऊन येनार हुता. तुमचं नाव ऐकलं नि खाली बसला. म्हनला, देवीच बोलली, मग भांडायचं कुनाशी? माझ्या आईनं वर्षभर माझ्या हातचं पानी देवाला घातलं न्हाई. म्हनती, तुझ्यात काय तरी खोट असनार, त्याबिगर आई असं बोलंल का?"

मनकर्णेनं मान वर केली नाही.

"तुमाला धाडलं तवा कसं वाटलं हुतं?" छबूनं विचारलं.

"मरावं वाटलं हुतं."

"मग वर्षभर कशा गप बसला?"

"मला मान मिळत हुता," मनकर्णा म्हणाली. याच्याहून खरं उत्तर तिच्याजवळ नव्हतं.

छबू उठली, हात धुतले, आत जाऊन तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं. "माझ्यापुढं सांगून काय उपेग? जिथं बोलला तिथं सांगा," एवढं म्हणून ती पुन्हा कामाला लागली.

पौषातल्या पौर्णिमेला देवीची यात्रा भरली. आरती संपल्यावर, लोक पांगायच्या आत मनकर्णा गाभाऱ्याच्या पायरीशी उभी राहिली. तिला पाहून बायका आपोआप मागं सरल्या, संबळवाल्यानं संबळ सावरला. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"वाजवू नका. माझ्या अंगात कोनी आलेलं न्हाई. मी जेवून आलीया." पुढचं बोलताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की मागच्यांना "काय म्हनती, काय म्हनती" असं एकमेकांना विचारावं लागलं. तिनं आजाराचं सांगितलं. आपल्याला घाम येत नाही, थेट शुद्धच हरपते, हे सांगितलं. "माझ्या तोंडून देवी बोलली म्हनून कोनी काय केलं आसंल, तर ते देवीचं न्हाई, माझं पाप हाय. आक्काबाईच्या सुनंबद्दल देवी काही बोललेली न्हाई. मी माझंच बोलत हुते."

मग कुणीतरी हसलं. "एवढे नारळ कुठं गेले गं?" असं एक मागून म्हणाली. एका म्हातारीनं सगळं ऐकूनही तिच्या पायाला हात लावला. मनकर्णेनं पाय मागं घेतले, तर ती रागावली. आक्काबाई पुढच्याच रांगेत होती. ती उठून गेली.

रंगनाथ खांबाशी उभा होता. तो पुढं आला आणि बहिणीच्या शेजारी उभं राहून म्हणाला, "मी हितंच सांगितलं हुतं, साखर न्हाई म्हनून. मला माझ्या अंगापलीकडं काय म्हाईत नव्हतं. आपल्याला हुतं तेच समद्यांना हुतं, असं वाटलं मला."

मच्छिंद्रची जुळत आलेली सोयरीक त्या महिन्यातच मोडली. मुलीकडच्यांना यात्रेतली हकीकत कळली होती. देवीच्या शब्दाचा आधार गेल्यावर सवत असलेल्या घरी मुलगी द्यायला ते तयार होईनात. शिमग्याच्या आधी मच्छिंद्र एकटाच पारनेरकडं गेला. छबू लगेच आली नाही. चूल वेगळी पाहिजे, आणि माझ्या बापापुढं तुझ्या आईनं येऊन बोललं पाहिजे, असं तिनं सांगितलं. आक्काबाई गेली. काय बोलली ते गावात कुणाला कळलं नाही, पण पाडव्याला छबू वरच्या आळीत वेगळ्या चुलीशी होती.

मनकर्णेचं शिवणाचं काम त्यानंतर बरंच कमी झालं. काहींनी तिला ढोंगी म्हटलं. काही बायका उलट तिलाच दोष देत, की हातात आलेली देवी हिनं घालवली. घरात मात्र शिस्त बदलली. सुई टोचण्याआधी भाकरी समोर आलेली असायची. गीताबाईला आता नणंदेच्या खुणा कळायला लागल्या होत्या. उत्तराला उशीर झाला, शिवण तिरकी गेली, की ती विचारायची, "वन्सं, आज वार कोनता?" चुकीचा वार आला की गुळाचं पाणी. पहिल्या पहिल्यांदा मनकर्णेला त्याचाही संकोच वाटायचा. भाऊ घामानं सांगायचा, आणि तिला वार विचारावा लागायचा. मग सवय झाली.

छबू तिच्याशी कधीच बोलली नाही. त्या उन्हाळ्यात गावात नळ आला, तेव्हा बऱ्याचदा दोघी एकाच रांगेत असायच्या. मनकर्णा पुढं असली तर बाजूला सरायची आणि छबूला भरू द्यायची. छबू भरून घ्यायची, हंडा कमरेवर घ्यायची आणि निघून जायची.

"किती दिवस सरनार बाजूला?" गीताबाईनं एकदा विचारलं. "झालं ते झालं. ती आली ना घरी परत?"

"ती आली. गेलेलं वरीस न्हाई आलं," मनकर्णा म्हणाली आणि रिकामी कळशी नळाखाली लावली.